धरलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घडीची खुर्ची आहे आणि मला माणसांचा वीट आला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. झाडे गोड बोलतात, नद्या गोड बोलतात, फाटक्या पुस्तकांचाही गळा भरून येतो. पण माझ्या बैठकीच्या खालच्या अंगाला लोकांनी चघळून चिकटवलेले च्युइंगगम वाळून दगड झाले आहेत. ते खरवडायला कोणी येत नाही. तेव्हा माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, पत्रा ठोकला, वर हिरवा रंग मारला आणि नगरपालिकेने मला विकत घेतले. सुरुवातीला मी एका सभागृहात होते. तिथे तिकीट काढून लोक येत, नीट बसत, जाताना मला मागे सरकवून ठेवत. एकदा एका बाईने नवऱ्याला म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे, "अहो, खुर्ची किती छान आहे, पाठ अजिबात दुखली नाही." एवढ्या वर्षांत माझी स्तुती झाली ती तेवढीच.

मग शहराच्या कारभाऱ्यांच्या मनात आले की गोरगरिबांनाही चार घटका करमणूक मिळावी. विचार चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही. मला ट्रकमध्ये घातले आणि माझी फुकटची वणवण सुरू झाली. शहरातल्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला एक चौकट येते, 'या आठवड्यात फुकट आणि स्वस्त'. त्या चौकटीत जे जे छापतात तिथे तिथे मी असते. सोमवारी मैदानात पडदा लावून जुना सिनेमा. मंगळवारी दातांची तपासणी. बुधवारी अळिंबीवर व्याख्यान. तळ्यावर अर्ध्या दरात होडी, तिथल्या रांगेत पुन्हा मीच. शनिवारी जुनी पुस्तके आणि रविवारी बागेत संगीत.

फुकट ते पौष्टिक, असे तुमच्यात म्हणतात ना? त्या म्हणीचा अर्थ माझ्याइतका कोणाला कळला नसेल. दातांच्या तपासणीला एक गृहस्थ आले होते. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, वर-खाली सगळी कवळी. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, तपासू काय?" तर म्हणाले, "फुकट आहे ना? मग बघा की काहीतरी!" अळिंबीच्या व्याख्यानाला खच्चून गर्दी झाली, कारण शेवटी चहा होता. चहा प्यायल्यावर वक्ते एकटेच उरले आणि कपांचा ढीग माझ्या अंगावर. उरलेला चहा माझ्या सांध्यांत झिरपला आणि तिथे मुंग्या लागल्या. शी!

पण मित्रांनो, या सगळ्याची मला सवय झाली होती. ज्याने माझे मन कायमचे विटले, ती गोष्ट मागच्या रविवारची आहे.

आम्हा खुर्च्यांची ने-आण करणारा नगरपालिकेचा एक माणूस आहे. सगळे त्याला खुर्चीमामा म्हणतात. माणूस तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. खुर्ची मांडली की चौकडीच्या फडक्याने पुसल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्या दुपारी तो बागेत पहिली रांग मांडत असताना एक म्हातारे आजोबा आणि त्यांची नात आली. नातीच्या हातात व्हायोलिनची पेटी होती. नगरपालिकेच्या स्वस्तातल्या वर्गात ती शिकत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती.

"मामा, हे माझे आजोबा," ती न विचारताच सांगू लागली. "आजोबा थिएटरात होते. अंधारात बॅटरी दाखवून सगळ्यांना आपापल्या जागेवर बसवायचे."

"मग काय, रोज फुकट सिनेमा!" मामा हसला.

"उभ्याने," आजोबा म्हणाले. "डोअरकीपरला खुर्ची नसते. म्हणून तर गुडघे गेले."

नातीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आजोबा, तुम्ही इथे बसा हं. मला समोर दिसलात की माझा हात कापत नाही. मागे बसलात तर मी सगळं विसरेन."

"बसतो गं बाई. इथेच बसतो, बस?"

खरे तर त्यांनी तेव्हाच बसायला हवे होते. पण पोरीला स्टेजमागे पोचवून येतो, म्हणून ते तिच्याबरोबर गेले. आणि इकडे बागेचे फाटक उघडले.

फाटक उघडल्यावर काय होते, ते मी तुम्हाला सांगते. माणसे पळत येतात आणि बसत नाहीत. जागा धरतात. खुर्चीवर रुमाल टाकतात, टोपी टाकतात, पाण्याची बाटली ठेवतात, आणि जागा धरली म्हणून निश्चिंत होऊन भटकायला निघून जातात. काही तर परतच येत नाहीत, दुसरीकडे काही फुकट चालले आहे असे कळले की तिकडेच रमतात. आणि धरलेल्या खुर्चीवर दुसरा कोणी बसत नाही. का? तर उद्या आपल्याला रुमाल टाकायचा असतो! चोर चोर मावसभाऊ, दुसरे काय! थोड्याच वेळात आमच्या रांगा वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दिसू लागल्या.

मामा तेव्हा मला पुसत होता. इतक्यात स्टेजवरचा भोंगा किंचाळायला लागला आणि कोणीतरी ओरडले, "मामा, वायर बघा, वायर!" हातातले फडके माझ्यावर तसेच टाकून मामा धावला. मित्रांनो, ते पुसायचे फडके होते. मळलेले, ओले, एका कोपऱ्याला फाटलेले. ते कोणी जागा धरायला टाकलेले नव्हते. मी मोकळी होते, अगदी मोकळी!

आजोबा लंगडत परत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी ते फडके पाहिले.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. या बाईंना मी चांगली ओळखते. शहरातला एकही फुकट कार्यक्रम त्या सोडत नाहीत आणि चार पिशव्यांशिवाय कुठे जात नाहीत. एका खुर्चीवर त्या स्वतः होत्या, पलीकडच्या खुर्चीवर त्यांच्या पिशव्या.

"बाई, ही जागा कोणाची आहे?" आजोबांनी विचारले.

"दिसत नाही का, रुमाल टाकलाय!"

"कोणाचा?"

"असेल कोणाचा तरी. उगाच का कोणी टाकेल?"

"माझी नात वाजवणार आहे. जरा…"

"अहो, सगळ्यांचंच कोणी ना कोणी वाजवणार असतं."

आजोबांनी मान डोलावली. मला वाटले, आता हे फडके बाजूला सारतील. पण त्यांचा सगळा जन्म ज्याची जागा त्याला मिळवून देण्यात गेला होता. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्यांना त्यांनी हजारदा उठवले असेल. ते स्वतः दुसऱ्याच्या खुर्चीवर कसे बसणार? ते मुकाट्याने मागे गेले, पार शेवटच्या रांगेमागे, एका झाडाला टेकले. एवढ्या मोठ्या गर्दीतला एकुलता एक शहाणा माणूस एका पोछ्याला मान देऊन निघून गेला. मला तोंड असते तर मी बाग डोक्यावर घेतली असती.

कार्यक्रम सुरू झाला. दोन-चार मुलांचे वाजवून झाले आणि मग ती पोर पुढे आली. तिने व्हायोलिन खांद्याला लावले आणि थेट माझ्याकडे पाहिले. माझ्यावर फडके होते. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग वाजवायला सुरुवात केली. पहिले काही सूर बरे आले. मग तिचा हात कापू लागला. सूर चिरकला, पुन्हा चिरकला आणि थांबला. पोर तशीच उभी राहिली.

बागेत खाकरण्याचे आवाज आले. पिशवीवाल्या बाई मागच्या रांगेतल्या बाईला म्हणाल्या, "फुकटात आणखी काय ऐकायला मिळणार?" आणि त्यांनी शेंगदाण्याची पुडी फोडली. टरफले माझ्या पायाशी पडू लागली.

तेवढ्यात मागून आजोबा येताना दिसले. "जरा जाऊ द्या… जरा जाऊ द्या…" करत, लोकांचे गुडघे ओलांडत, धापा टाकत ते माझ्यापर्यंत पोचले. आता तरी बसा हो! माझ्या सगळ्या खिळ्यांतून मी हेच म्हणत होते. आजोबांनी फडके उचलले. त्याची नीट घडी घातली. ती घडी हातात धरून ते माझ्या शेजारी उभे राहिले, आणि पोरीकडे पाहून त्यांनी फक्त मान हलवली.

पोरीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चुका केल्या नाहीत असे नाही, पण थांबली नाही. तिचे वाजवून होईपर्यंत आजोबांचा एक हात माझ्या पाठीवर होता. त्यांचे गुडघे थरथरत होते, त्या थरथरीने माझी पत्र्याची बैठक वाजत होती. मागून कोणीतरी ओरडले, "ओ आजोबा, खाली बसा, दिसत नाही!" कोणी उठले नाही. पिशव्याही जागच्या हलल्या नाहीत.

टाळ्या झाल्या. लोक उठले. बाईंनी पिशव्या गोळा केल्या आणि घड्याळात पाहिले, संग्रहालय शेवटचा तासभर फुकट होते. खुर्चीमामा घाईघाईने रांगा धुंडाळत आला.

"माझं फडकं पाहिलंत का कोणी? चौकडीचं?"

आजोबांनी ती घडी दोन्ही हातांनी पुढे केली. "हे तुमचं होय? या, बसा. तुमची जागा राखून ठेवली आहे मी."

मामाने फडक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्या थरथरत्या पायांकडे पाहिले. त्याने आजोबांना खांद्यांना धरून माझ्यावर बसवले. किती हलका माणूस होता तो! माझे सांधे कुरकुरलेसुद्धा नाहीत. पण समोर आता रिकामे स्टेज होते आणि पायाखाली टरफले.

मित्रांनो, जुन्या खुर्चीने शेवटी म्हणायचे असते, की मला जपा, मला रंग द्या, मला पावसात ठेवू नका. मला त्यातले काही नको. तुमचे च्युइंगगमही मी सोसेन. फक्त मला धरून ठेवू नका. बसायचे असेल तर या आणि बसा. नसेल बसायचे, तर उभ्या माणसाला बसू द्या.