नववं कलम

हे लिहिणारच नव्हतो. चार वेळा सुरू केलं, चार वेळा पुसलं. कारण यात वाईट कोण वागलं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मी बाचाना. चोवीसचा. कॉलेज नाही केलं. कोड लिहायला फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, जर्मनही तसंच. लायप्त्सिगला आलो ते एका कुटुंबाची मुलं सांभाळायला. मग वर्षभर वृद्धाश्रमात काम. दर वर्षी नवा कागद, नवा शिक्का, नवी तारीख.

मालखाज बेचाळीसचा, माझ्याच देशातला. श्रोशा गावचा, जिथे हमरस्त्याच्या कडेला मडक्यांच्या रांगा लागलेल्या असतात. त्याचा बाप तोने घडवायचा, आजाही तेच. तोने म्हणजे मातीची उभी भट्टी, आतल्या भिंतीला पाव थापतात ती. इथे एका ओळखीच्याच्या हॉटेलसाठी त्याने एक घडवली. तिथला पाव खाऊन एक अफगाण आला, म्हणाला मलाही हवी. मग एक कुर्द. मग आमच्यातलेच दोघं, ड्रेस्डेनहून.

"कंपनी काढू," मी म्हटलं. कल्पना माझीच. हेही लिहून टाकतो.

"तू काढ," मालखाज म्हणाला. "मी माती काढतो."

आठवडाभरात वेबसाइट केली. महिन्यात अकरा मागण्या. आणि मग कळलं की या देशात भट्टी बांधायला मास्टरचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर ज्याच्याकडे आहे असा माणूस कंपनीत लागतो. कारागिरांच्या कचेरीतल्या बाईला मालखाजने फोनवर फोटो दाखवले. चारशेच्या वर भट्ट्या. तिने अर्धा तास एकेक फोटो बघितला, छान म्हणाली, मनापासून म्हणाली, आणि मग पुन्हा विचारलं, "प्रमाणपत्र आहे का आपल्याकडे?"

बाहेर आल्यावर तो हसत सुटला. "भावा, इथे भट्टीला धुराड्याचा दाखला, आगीचा दाखला, जागेचा दाखला. तिचे कागद माझ्यापेक्षा चांगले आहेत. तिलाच नागरिकत्व देतील बघ."

असा डिटमार हाल्बआइस आमच्यात आला. अठ्ठावन्नचा, टाइलच्या शेगड्यांचा मास्टर. धंदा बसलेला, घरामागे मोठी शेड रिकामी. माणूस खोटा नव्हता. पहिली तोने भाजून निघाली तेव्हा तिच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. "अशी जाडी हाताने?" एवढंच विचारलं.

ठरलं. मालखाज पन्नास टक्के आणि संचालक. डिटमार चाळीस. मी दहा, आणि कंपनीत नोकरी. ती नोकरी मला हवी होती. माझ्या कागदावरच्या तारखेला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते आणि कंपनी नोंदली गेली तरच माझा मुक्काम वाढणार होता.

डिटमारच्या वकिलाने करारनामा पाठवला. अठ्ठावीस पानं. मालखाजने न उघडताच मला दिला.

"वाच. तुझं जर्मन चांगलं आहे."

मी वाचला. दोन दिवस, शब्द न् शब्द. नववं कलम तीनदा वाचलं. पहिली दोन वर्षं संचालकाचा पगार वाढवायचा तर मास्टरची लेखी संमती हवी. आणि कुठल्याही भागीदाराचा या देशात राहायचा परवाना वाढला नाही, तर त्याचा हिस्सा उरलेल्यांकडे जाणार, कागदावरच्या किमतीला. म्हणजे फुकटच.

तीन भागीदारांत जर्मन एकच होता.

मी डिटमारला फोन लावला. "नववं कलम काढता येईल?"

"येईल की," तो म्हणाला. "वकिलाला सांगतो. नवा मसुदा, मग नोटरीची नवी तारीख. पाच आठवडे धर."

"राहू द्या," मी म्हटलं.

मालखाजने विचारलं, "काय आहे त्यात?"

"नेहमीचंच," मी म्हटलं. "सगळ्यांच्यात असतं तेच."

आता इथे एक सांगितलं पाहिजे. मी मालखाजच्या मुलीचा नात्लिया आहे, म्हणजे धर्मपिता. मारेखीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन मी उभा होतो. आमच्यात नात्लिया झाला की तो रक्ताच्याही वर. सख्ख्या भावाशी भांडता येतं, बोलणं टाकता येतं. नात्लियाशी नाही. त्याने वाचलेला कागद आपण पुन्हा वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं.

नोटरीच्या कचेरीत गेलो. नोटरी बाई चष्मा दोरीला लावलेल्या, फार सभ्य. इथे नोटरीने अख्खा करार मोठ्याने वाचायचा असतो, कायदाच आहे. सुरू करण्याआधी त्यांनी मालखाजकडे बघितलं.

"आपल्याला जर्मन पुरेसं समजतं का? नसेल तर दुभाषा हवा."

मालखाजने माझ्याकडे बोट केलं. "हा आहे."

"हे चालणार नाहीत," बाई म्हणाल्या. "हे स्वतः भागीदार आहेत. यांचा फायदा त्यात गुंतलेला आहे. बाहेरचा, शपथ घेतलेला दुभाषा लागेल."

मालखाजला अर्धंच कळलं. मला म्हणाला, "काय म्हणते?"

मी सांगितलं. बरोबर सांगितलं, शब्दाला शब्द.

त्याचा चेहरा उतरला. आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तू मला खोटं सांगशील असं म्हणते ही? माझ्या पोरीचा नात्लिया?"

"कायदा आहे त्यांचा."

"असला कायदा त्यांच्या आयांना घाला." मग ताठ बसला, बाईंकडे वळला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "मला समजतं. सगळं समजतं. वाचा."

"नक्की?" बाईंनी विचारलं. दोनदा विचारलं.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. दुभाषा घ्या, पुढच्या आठवड्यात येऊ, एवढंच. एक आठवडा माझ्या तारखेत बसतही होता. पण दुभाषा नववं कलम वाचणार, मालखाज थांबवणार, मग नवा मसुदा. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसलो.

बाईंनी चाळीस मिनिटं वाचलं. मालखाज हात मांडीवर ठेवून बसला होता, जेवणाच्या टेबलावर कुणी मोठा माणूस बोलत असताना आमच्याकडे बसतात तसा. हलला नाही. नववं कलम आलं, गेलं. "काही प्रश्न?" बाईंनी विचारलं. त्याने मान हलवली. सही केली. बाहेर येऊन डिटमारला मिठी मारली, मला मारली.

मला परवाना मिळाला.

दीड वर्ष बरं गेलं. खातुना आणि मारेखी आल्या. खातुना म्हणजे त्याची बायको. मारेखी पहिलीला बसली, पहिल्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे खाऊने भरलेला कागदी शंकू घेऊन, जवळजवळ तिच्याएवढा. चार महिन्यांत ती बापाचं जर्मन सुधारायला लागली, कुठला शब्द स्त्रीलिंगी, कुठला नपुंसकलिंगी. "बाबा, 'डी' नाही, 'डास'." तो म्हणायचा, "माती विचारत नाही मला डी की डास."

एक्केचाळीस भट्ट्या गेल्या. हाम्बुर्गपर्यंत.

मग मालखाजच्या परवान्याची मुदत संपत आली. परदेशी नागरिकांच्या कचेरीने पत्र पाठवलं. संचालकाचा पगार कुटुंबाला पुरेसा नाही, वाढवून दाखवा.

मालखाज डिटमारकडे गेला. मी बरोबर होतोच, बोलायला.

"आता नको," डिटमार म्हणाला. "आलेलं सगळं दुसऱ्या शेडमध्ये घातलंय. वसंतात बघू."

"वसंतात हा इथे नसेल," मी म्हटलं.

"संमती माझी लागते. कागदात आहे." तो खाली बघत बोलत होता. "बाचाना, तुला माहीत आहे. तू फोन केला होतास."

हे तो जर्मनमध्ये बोलला. मालखाजने मला विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो वसंतात बघू."

परवाना नाकारला. फेरविचाराचा अर्ज केला, तोही नाकारला. आमचा वकील म्हणाला, करार नोटरीने वाचून दाखवलाय, आपण समजतं म्हणालात, तशी नोंद आहे. काही करता येणार नाही. पन्नास टक्के आमच्या दोघांत वाटले गेले. माझे दहाचे वीस झाले. मी मागितले नव्हते. परतही केले नाहीत. परत करायचे तर करायचे कुणाला, असं मी स्वतःला सांगत होतो.

रविवारी दुपारी ते निघाले. आमच्या गावांकडे सामान नेणारी व्हॅन दर आठवड्याला एका सुपरमार्केटच्या पार्किंगमधून सुटते. मारेखीची सायकल वर बांधली. माती थापायच्या लाकडी पट्ट्या त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळून स्वतःजवळ ठेवल्या. खातुना पुढच्या सीटवर, मारेखी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रुसलेली. शाळेत कुणाला सांगू दिलं नव्हतं तिला.

मी त्याला बाजूला घेतलं, ट्रॉल्यांच्या शेडकडे.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "नववं कलम. सहीच्या आधीपासून. मी वाचलं होतं. काढायलाही सांगितलं होतं, पण पाच आठवडे लागणार होते आणि माझ्याकडे नव्हते."

त्याने सिगरेट काढली, पेटवली नाही.

"मला वाटलं होतं तुझा परवाना वाढेलच."

"वाटलं होतं?"

"नाही. विचारच केला नव्हता."

एक बाई ट्रॉली ढकलत आमच्या मधून गेली. तो बाजूला सरकला, तिला वाट दिली, जर्मनमध्ये 'बिट्टे', या ना, म्हणाला.

"खातुनाला मी सांगितलंय, मला जर्मन येत नव्हतं आणि मी येतं म्हणालो," तो म्हणाला. "म्हणजे चूक माझी. दोन महिने ती मला गाढव म्हणतेय. ते तसंच राहू दे."

"मी सांगतो तिला."

"तू काही सांगणार नाहीस. सांगशील, मोकळा होशील. आणि पोरीला मी काय सांगू? नात्लिया बदलता येतो का? चर्चमध्ये परत घेतात का?"

"मार मला हवं तर."

"तुला मारून माझी कंपनी येणार आहे का." सिगरेट परत पाकिटात ठेवली. "ऐक. ऑक्टोबरात तिचा वाढदिवस असतो. तू यायचं. टेबलावर माझ्या उजव्या हाताला बसायचं. मी उठून नात्लियाच्या नावाने ग्लास उचलीन. अख्खं गाव ऐकेल. तू किती सच्चा, परदेशात तू माझ्यासाठी काय काय केलंस, सगळं सांगेन. मला बोलता येतं, तुला माहीत आहे. आणि तू उभं राहून ऐकायचं आणि ग्लास तळापर्यंत प्यायचा."

"मालखाज."

"दर वर्षी. तिचं लग्न होईपर्यंत. एकही वर्ष चुकवायचं नाही. पैसे नाहीत, रजा नाही, विमान नाही, काही चालणार नाही."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मारेखीने काचेतून माझ्याकडे बघून जीभ काढली, मग हात हलवला.

"बोल," तो म्हणाला.

"येईन," मी म्हटलं. "दर वर्षी येईन."