खालचे सूर

मुलीने खालचे सूर वाजवणाऱ्या सबवूफरचा जड खोका उचलला आणि थेट बाबांच्या खुर्चीत ठेवला.

"अगं, ती माझी जागा आहे!"

"म्हणूनच तर. तो तुमच्या जागी बसून वाजेल. तुम्ही भिंतीच्या कडेने रांगत जायचं. जिथे आवाज सगळ्यात भरीव वाटेल, तिथे त्याला ठेवायचं."

एरवी खाली पडलेला चष्मा उचलायलाही हाका मारणारे बाबा चक्क चार पायांवर आले. मुलगी हसून लोटपोट झाली. दिवसभर लिफ्टच्या वायरी जोडणाऱ्या तिला अ‍ॅम्प्लिफायरची एक वायर लावणं म्हणजे हातचा मळ. पण बाबांची घाई तिलाही लागली होती. सहा महिने त्यांनी या खोक्यासाठी तिच्यामागे भुणभुण लावली होती.

कारण तिला ठाऊक होतं. तरुणपणी बाबा एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली. कव्हरवर बाबा ऐटीत उभे होते, पण घरच्या चिमुकल्या स्पीकरांतून बेसचा एकही सूर कधी नीट ऐकू आला नव्हता. आज तीच रेकॉर्ड लावली होती.

"भिंती पाडू नका रे बाबांनो," इस्त्री करता करता आई आतून ओरडली.

"इथे!" कपाटाशेजारच्या कोपऱ्यात डोकं खुपसून बाबा म्हणाले. "इथे छाती भरतेय बघ!"

सबवूफर कोपऱ्यात गेला. मुलीने मागचं बटण हळूहळू फिरवलं. आधी नुसती घुमघुम झाली, मग आवाज पार बसला. दोन्हीकडचे सूर एकमेकांना खाऊ नयेत म्हणून असलेला फेजचा खटका तिने उलटा केला मात्र, खोलीचा तळच जणू वर आला. ढोलाखालून एक गोल, दमदार चाल निघाली. गाण्याला खांद्यावर घेऊन ऐटीत चालू लागली.

मुलीच्या अंगावर काटा आला.

"बाबा! काय वाजवलंय तुम्ही!"

बाबा जमिनीवरच मांडी घालून बसले होते. त्यांचे डोळे चमकत होते.

"मी नाही गं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी गाडीच्या दारात माझं बोट चेंगरलं. कव्हर तर छापून झालेलं. माझ्या सगळ्या चाली पाठ असणारं एकच माणूस होतं."

"कोण?"

बाबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "किती वेळा सांगायला गेलो. ती विषयच बदलायची. आणि मी म्हणायचो, ऐकूच येत नाही तर पोरीला पटणार कसं?"

आतली इस्त्री थांबली होती. आई दारात येऊन उभी राहिली. चेहरा कोरा होता. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पदरावर आळीपाळीने चालत होती, सुराला सूर, बिनचूक.

मुलीने खुर्ची पुढे ओढली. आई बसली नाही.

"बंद कर ते," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्यात चुकलेय मी."

"इतक्या वर्षांत कुणाला कळलं का?" बाबा म्हणाले.

"आता कळेल ना!" आई म्हणाली, आणि पुढे होऊन तिने स्वतःच आवाज वाढवला.