तीसच्या तीन पिना

सकाळी साडेआठला तिने फर्निचरच्या कारखान्याचं कुलूप काढलं, कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी खालच्या तोटीतून सोडून दिलं आणि हवेच्या दाबाचा काटा पाचावर चढेपर्यंत केस घट्ट बांधून घेतले. मग टेबलावर पिनांच्या डब्या लांबीनुसार मांडल्या: पंधरा, अठरा, पंचवीस, तीस. आज खणांच्या दर्शनी फळ्यांवर पट्ट्या बसवायच्या होत्या. पट्टी नऊ मिलिमीटर, मागचं प्लाय बारा. दोन्ही मिळून एकवीस. म्हणजे अठराची पिन पट्टी भेदून प्लायमध्ये नऊ शिरते आणि टोक आतच राहतं. नवऱ्याने असा हिशेब कधी केला नव्हता. त्याच्या लेखी लांब पिन म्हणजे पक्कं काम.

हवेच्या दाबाने पिना ठोकणारी पिनगनही तिनेच निवडली होती. जुनी नुसता घोडा ओढला की उडायची. नवीचं नाक कशावर तरी दाबून धरल्याखेरीज घोडा कामच करत नसे. "हात माझे, अक्कल हिची," असं तो दुकानदारासमोर हसत म्हणाला होता. त्या हसण्याची वसुली त्याने घरी आल्यावर तिच्या पाठीवर केली, लाकडाच्या पट्टीनेच.

नऊ वाजता तो आणि त्याचा धाकटा भाऊ आले. दिराच्या हातात गिऱ्हाइकाकडून परत आलेला खण होता.

"वहिनी, गिऱ्हाईक म्हणतंय, ह्याला दात आलेत!"

तिने सवयीने आतून तळहात फिरवला. चार ठिकाणी टोकं लागली. एकाने बोट चिरलं. परवा ती नसताना ह्या पट्ट्या नवऱ्याने ठोकल्या होत्या.

"अहो, तीसची भरली होती ना? इथे अठराचीच लागते."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. पण हे पाहा, हात फाटतो."

"फाटणं म्हणजे काय, ते दाखवतो तुला."

त्याने खण हिसकावून तिच्या तोंडावर हाणला. ओठ फुटला. ती टेबलाला धरून सावरते न सावरते तोच त्याने तिचं डावं मनगट टेबलावर दाबून धरलं. गनमध्ये परवाच्या तीसच्या पिना तशाच होत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ मांसावर त्याने गनचं नाक रोवलं आणि घोडा ओढला. "शिकव!" पुन्हा. "शिकव की!" पुन्हा. प्रत्येक वेळी तोच कोरडा, आखूड आवाज, दिवसातून हजारदा कानी पडणारा.

"दादा!" दीर ओरडला, पण जागचा हलला नाही. आठ वर्षं तो असाच जागच्या जागी ओरडत आला होता.

ह्या पिनांना डोकं नसतं. नवऱ्याची पकड सैल होताच तिने दात आवळून हात सरळ वर उचलला. मांस पिनांवरून सरकत सुटलं. पिना टेबलात रुतून तशाच उभ्या राहिल्या, सेंटीमीटरभर वर, ओल्या आणि लाल.

रक्त पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला. "चुकून उडाली. दवाखान्यात हेच सांगायचं. काय रे?"

दिराने मान डोलावली आणि पक्कड घेऊन तो टेबलावर वाकला.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "आधी दवाखाना."

हाताला फडकं गुंडाळून ती सगळ्यांच्या मागून बाहेर पडली.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. तीन भोकं, एकापुढे एक. "कसं झालं?"

"चुकून उडाली हो," नवरा दारातून म्हणाला. "यंत्रच ते."

मागच्या वेळी ती शिडीवरून पडली असं त्याने सांगितलं होतं आणि तिने होकार भरला होता.

"ह्यांना जरा बाहेर बसवा," ती म्हणाली.

दार लागल्यावर तिचा आवाज एकदाही चढला नाही. "गन मी निवडली आहे. नाक दाबल्याशिवाय ती उडत नाही. त्यांनी तीन वेळा दाबलं. पोलिसांना बोलवा. पिना अजून टेबलातच आहेत."

"आणि तोवर कोणी काढल्या तर?"

तिने उजवी मूठ उघडली. निघताना कारखान्याला तिनेच कुलूप लावलं होतं. किल्ली तिने औषधांच्या ट्रेशेजारी ठेवली आणि डावा हात पुन्हा पुढे केला, टाके घालण्यासाठी.