डाव्या टाचेचा आवाज

मी सिनेमांच्या डिस्कची परीक्षणं लिहिते. सिनेमा कसा आहे हे सांगणारे आधीच सांगून मोकळे झालेले असतात. घरी बसून बघताना चित्र स्वच्छ दिसतं का, आवाज चहूबाजूंनी येतो का, सोबतच्या मुलाखतींत काही दम आहे का, एवढं मी बघते. या वेळी आला एक थ्रिलर, आणि त्यात आमच्या ह्यांचं काम.

संपादक म्हणाले, "नवऱ्याची भलामण नको हं."

म्हटलं, "त्याची काळजीच करू नका."

हे सिनेमात पावलं भरतात. शूटिंगच्या वेळी नटांच्या चालण्याचा आवाज नीट येत नाही, म्हणून नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत, तसलेच बूट घालून हे चालतात. या नायिकेसाठी तर उंच टाचांच्या सँडल स्वतःच्या मापाच्या करवून घेतल्या. बायकोला कधी साधी चप्पल आणली असेल तर शपथ! जेवतानाही तेच. "ती डावी टाच जराशी घासत टाकते बघ. सगळी भीती त्या घासण्यात आहे."

"भाजी घ्या," मी म्हणायची.

डिस्क लावली. चित्र सुरेख, काळोख अगदी काळाकुट्ट. चार गुण दिले. मग तो जिन्याचा प्रसंग आला. ती वर चढतेय, मागे खुनी, संगीत नाही, नुसती पावलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आवाजाला दोनच गुण द्यायचे, मी ठरवून टाकलं.

पुढे मुलाखती. नायिका ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "माझं चालणं माझ्या आईलासुद्धा इतकं ठाऊक नाही!" आणि हे चक्क लाजले. स्वतःच्या लग्नात लाजले नव्हते मेले! वर म्हणतात, "मी पावलांवरून माणूस ओळखतो. डोळे मिटूनसुद्धा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखता काय? बघूच.

हे ओट्यापाशी पाठमोरे उभे राहून मटार सोलत होते. मी बाहेरच्या दाराशी गेले आणि घरातल्या चपलांत, रोजच्यासारखी चालत आले.

"कोण आहे?" ह्यांनी विचारलं.

घरात आम्ही दोघंच राहतो.

"मी."

"अगं, तू होय!" आणि पुन्हा मटार.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मीच. इथेच थांबायला हवं होतं. पण थांबवेना. ह्यांच्या कामाच्या पिशवीतून त्या सँडल काढल्या, मला ढगळ होत होत्या तरी घातल्या, आणि निघाले. डावी टाच जराशी घासत.

ह्यांचे हात थांबले. वळायच्या आधी ह्यांनी केस सारखे केले.

मग मी दिसले. चेहऱ्यावर आलेलं हसू आता कुठे ठेवावं ते ह्यांना कळेना.

"हुबेहूब जमलं गं," हे म्हणाले.

मी सँडल तिथेच काढल्या नि अनवाणी टेबलाशी जाऊन बसले. परीक्षणात आवाजापुढची जागा अजून रिकामी होती. पाचपैकी पाच गुण दिले आणि खाली लिहिलं, 'पडद्यावर कोणी नसतानाही नायिका आपल्या घरात वावरतेय असं वाटतं.'