ताप कधी आला

पट्टीवर एकच रेघ होती. बायकोची, यशोधराची हिरवी साडी काढायला वासुदेव घरी आला – तासाभरापूर्वी आयसीयूच्या दाराशी डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, पुढचं ऐकायची गरजच उरली नव्हती – आणि कपाटाशेजारच्या खिडकीत ती फ्लूच्या तपासणीची पट्टी शनिवारपासून तशीच पडलेली दिसली. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह. ती बघून यशोधराच आधी हसली होती. "बघा, तुमची पट्टीसुद्धा म्हणते काही नाही. आता उठू द्या मला, कुकर लावायचाय." त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या स्वॅबचा पक्का रिपोर्ट, पीसीआरचा, ती गेली त्या संध्याकाळी आला. फ्लूच होता.

ते पावसाळ्यात. आता डिसेंबर, आणि वासुदेवच्या लॅबमध्ये त्याच पट्ट्यांची परीक्षा चाललेली – पीसीआरला सापडलेले रुग्ण पट्टीने किती पकडले, किती सोडले. अभ्यास त्याचाच. नियमही त्यानेच घातलेला : ताप आल्यापासून चार दिवसांच्या आत घेतलेलेच नमुने धरायचे. पुढे नाकातला विषाणू कमी होतो. त्यानंतर पट्टी हुकली तर तिला दोष देता येत नाही.

"सर, मॅडमचा नमुना काढून टाकू या ना," निवेदिता म्हणाली. त्याच्या हाताखालची डॉक्टर, हुशार, पण यशोधरा गेल्यापासून त्याच्याशी असं हळू बोलते की जणू तोच आजारी आहे. "ताप कधी आला ते लिहिलेलंच नाहीये. एकाने काय फरक पडतो?"

"फरक पडतो का, हेच मोजायला बसलोय ना आपण? की टाइमपास चाललाय?"

"सॉरी सर."

सॉरी! ज्याला त्याला सॉरी. तारीख मात्र कोणाला माहीत नाही. सकाळी स्वयंपाकाच्या सखुबाईंना विचारलं, तर त्या पोळी लाटत म्हणाल्या, "रविवारपासून कणकण होती बाईंना. म्हणाल्या, साहेबांना नका सांगू, घरातच लॅब उघडून बसतील." दुपारी छत्रीबागेत राहणाऱ्या मेहुणीला, कस्तुरीला फोन लावला.

"गुरुवारी, जिजाजी. बुधवारी तर एकदम ठीक होती, माझ्याशी भांडली फोनवर."

"नक्की?"

"अब इतना कोण लक्षात ठेवतं? आणि आता काय करायचंय तुम्हाला ते?"

काय करायचंय... दोन साक्षीदार, दोन निकाल. पट्टी निदान एकदा काय ते सांगून गप्प बसते. जिच्या हातात पाण्याचा पेला देताना मी रोज विचारायचो, बरी आहेस ना – विचारायचो ना? – तिला एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?

गुरुवार असेल तर नमुना धरायचा आणि चूक पट्टीची, सरळ छापून. रविवार असेल तर पट्टी सुटली. मग सहा दिवस ती तापात समोर बसून वाढत होती आणि जेवणारा...

मला गुरुवार हवाय. हे इतकं स्वच्छ समोर आलं की तो चिडायचंच विसरला. ज्याला निकाल आधीच हवा असतो त्याला हा माणूस एरवी लॅबच्या दारात उभं करत नाही.

आणि रविवारी, त्या रविवारी, पोहे-जलेबी आणली होती. तिने आपली जलेबी त्याच्या बशीत सरकवली, "घ्या तुम्ही," म्हणाली. तोंडाला चव नाही, असं म्हणाली का? की हे सखुबाईंचं ऐकून आता तो स्वतःच जोडतोय? चेहरा आठवत नाही. जलेबी आठवते. गरम होती, छान लागली होती.

"सर, मग काय करू? धरू की काढू?" निवेदिताने विचारलं. या वेळी नेहमीच्या आवाजात.

"थांब जरा," तो म्हणाला. बाकी सगळे नमुने मोजून झाले होते. यशोधराचा धरायचा की काढायचा, एवढं राहिलं होतं.