टरफलांची राख

त्या पत्राला सरांनी कधी उत्तर दिलंच नाही. चौदा वर्षं झाली, तरी मजकूर त्यांना तोंडपाठ होता. नळांवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारागिरानं लिहिलं होतं: ‘तुमचा लेख वाचून पिंपात शेंगांची टरफलं भरली. कारखान्याचं पिवळं विषारी पाणी त्यातून नितळ होऊन निघतं. तुमचे उपकार आहेत. वापरलेली टरफलं तुम्ही म्हटल्याप्रमाणे चुलीत जाळतो. राखेनं भांडी लख्ख निघतात. मात्र बायकोच्या बोटांना भोकं पडल्यासारख्या जखमा झाल्यात, भरून येत नाहीत. राखेमुळे असेल का? दोन ओळी कळवा.’

‘वापरलेलं टरफल इंधन म्हणून उपयोगी पडेल’ हे लेखातलं शेवटचं वाक्य. प्रयोग न करताच सरांनी ते लिहिलं होतं. त्यामुळे लेख कसा छान संपल्यासारखा वाटत होता.

पत्र आल्यावर मात्र त्यांनी प्रयोग केला. क्रोम शोषलेली टरफलं जाळली, राख पाण्यात कालवली, गाळली. खाली उतरलेलं पाणी पिवळंजर्द. टरफलांनी ज्या विषाचे दात पाडले होते, त्याला आगीनं ते परत बसवून दिले होते. एका शब्दात कळवता आलं असतं: थांबा. पण सरांना वाटलं, आणखी एकदा खात्री करून घेऊ. मग वाटलं, तीन महिने उशीर झालाय, आधी माफी नीट लिहू. माफीचे नऊ खर्डे झाले. मग बढती आली, तिच्यामागून निवृत्ती, आणि पत्र प्रयोगवहीत दडून बसलं.

परवा त्यांची जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती विभागप्रमुख होती, आणि सरांच्या लेखांचं पुस्तक काढायचा घाट तिनं घातला होता.

“पहिला लेख टरफलांचा, सर. त्याशिवाय पुस्तकाला शोभा नाही.”

“त्याचं शेवटचं वाक्य काढ.”

“अहो सर, त्याच वाक्यावर तर सगळे फिदा आहेत! एका संस्थेनं पन्नास कारखान्यांना पिंपं वाटलीत. माहितीपत्रकात तुमचंच वाक्य आहे, ठळक अक्षरांत.”

सरांचा चेहरा पडला. चहा ठेवता ठेवता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “बोला की आता! लग्नाला हो म्हणायलाही यांनी तीन महिने लावले होते. आमचे वडील म्हणाले, मुलगा मुका तर नाही ना, तेवढं बघून घ्या.”

सर उठले. कपाटातली वही आणून त्यांनी ते पान उघडलं, पत्रही पुढे सरकवलं. विद्यार्थिनीनं आकडे वाचले, पत्र वाचलं. मग तिची नजर पानावरच्या तारखेवर गेली.

“हे तुम्हाला चौदा वर्षांपूर्वी माहीत होतं?”

“हो.”

“मग या बाईंचं पुढे काय झालं?”

“माहीत नाही. कधी विचारलंच नाही.”

चहावर साय धरली. वही मिटत ती म्हणाली, “संस्थेला मी आजच फोन करते. वाक्य काढू. ‘नव्या संशोधनानुसार’ असं म्हणू. तारखेचा विषय कशाला? आयुष्यभराची अब्रू आहे तुमची, सर.”

आवाजात माया होती, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

ती गेल्यावर सर त्या कारागिराला उत्तर लिहायला बसले. ‘टरफलं जाळू नका. राखेला हात लावू नका. जखमा डॉक्टरांना दाखवा, क्रोमचं सांगा.’

“झालं की,” पत्नी खांद्यावरून वाचत म्हणाल्या. “कधी नव्हे ते आटोपशीर लिहिलंत.”

“एक ओळ राहिली.”

“ती नको म्हणाली ना?”

“ती माझ्या काळजीनं म्हणाली. पत्र त्यांना आहे.”

त्यांनी लिहिलं: ‘हे मला तुमचं पत्र आल्यावर तीन महिन्यांतच कळलं होतं. मी कळवलं नाही.’

पत्नींनी वाचलं. “कारण नाही लिहिलंत.”

“सांगण्यासारखं नाही.”

पुस्तकात त्या लेखाखाली छापण्यासाठी त्यांनी याच पत्राची एक प्रत विद्यार्थिनीच्या नावे काढली, आणि दोन्ही पाकिटं घेऊन ते पोस्टात गेले. कारागिराचा पत्ता चौदा वर्षांपूर्वीचाच होता.

“घाईचं आहे का?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

सरांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. कारकुनानं जरा वाट पाहिली, शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या थैलीत टाकली.