उजव्या हातच्या बांगड्या

"त्यांचा एकही कैदी सोडता कामा नये," कृष्णकांत साहेब दारातल्या खुर्चीतून म्हणाले, आणि मैनाने सुक्या बोंबलांचा वाटा जरा जोरातच पायरीवर ठेवला.

नवीन पनवेलच्या या इमारतीत ती मोरा बंदरावरून सुकी मासळी घेऊन येई. आषाढात होड्या किनाऱ्यावर झोपलेल्या, घर चालायचं ते सुक्यावर. लढाई पेटल्यापासून मात्र गिऱ्हाईक कमी आणि अक्कल जास्त. पहिल्या मजल्यावर गप्पांत पाकिस्तानचं पाणी तोडलं जाई, दुसऱ्यावर कराची बेचिराख होई.

त्याच कराचीच्या तुरुंगात तिचा नवरा धर्मराज होता. गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, हद्द ओलांडली म्हणून हिवाळ्यात धरला. त्यांचेही कोळी आपल्याकडे अडकलेत, ते सुटले की हे सुटतील, असं ट्रॉलरवाला सांगून गेला होता. बोलणी चालली होती, तेवढ्यात सरहद्दीच्या डोंगरात तोफा वाजल्या.

"सायेब, त्यांचं नाय सोडलं तं माजा कसा येल?"

"देश आधी, मैना."

"देशाला मी कवा नाय म्हनलं? पन पान्यावरची रेघ कुनाला दिसते काय?"

साहेबांनी पेपर वर धरला. आतून शशिकलावहिनी आल्या, हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. मैनाचा मोकळा उजवा हात त्यांना कधीपासून खुपत होता. नवऱ्याच्या काळजीने उतरवल्या असणार, अशी त्यांची समजूत. असं करू नये बाई, आधी भरून घे, म्हणाल्या.

मैनाने कपाळाला हात लावला. आता हे एक राहिलं होतं.

"वयनी, आमी कोळनी उजव्या हातात भरतच नाय. लग्नात त्या हातच्या दर्याला दिल्या, धनी सांभाळ म्हनून. दर्यानं सांभाळला. धरला तो मानसांनी."

वहिनी नवऱ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "आमच्या मुलाची, निनादची, पलटण वर डोंगरात नेलीय. फोन नाही, काही नाही. या त्याच्या नावाने सोडशील दर्यात?"

पेपराचं पान उलटायचं थांबलं. साहेबांच्या बोलण्यामागे काय होतं ते मैनाला आत्ता कळलं. राग मात्र गेला नाही.

"दर्या का डोंगर चढतो, वयनी?" ती पुटपुटली आणि पाटी डोक्यावर घेतली.

जिना उतरताना तिचा डावा हात पाटीला होता. उजव्या हातात बांगड्या होत्या, वाजू नयेत म्हणून घट्ट धरलेल्या.